हवेला जाळी कुठली

बोईसर,
संक्रांतीच्या आधीचा बुधवार

प्रिय एकनाथ यास,

प्रिय लिहिलं म्हणून फार खूश होऊ नकोस. तिसरीत गुरुजींनी पत्राची सुरुवात अशीच शिकवली होती, दुसरी मला येत नाही. भाविकाची पेन्सिल घेऊन लिहायला बसले आहे. टोक जाड आहे, अक्षराला नावं ठेवू नकोस. वत्सला शिवणाच्या कारखान्यात गेली, तुझ्या पोरीला शेजारच्या खोलीत झोपवलं आहे, आणि खाली दामूने रेडिओ मोठ्याने लावला आहे, म्हणजे निदान आत्ता तरी तो वरचं ऐकत नसेल. परवा फोनवर तू विचारलंस, भाविकाच्या खोकल्यासाठी हवेचं मशीन ठरलं का. नाही ठरलं. का नाही ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ही पेन्सिल.

आधी त्या मशीनवाल्याचं सांगते. गळ्यात टाय, बूट दाराबाहेर काढले तर मोज्याला अंगठ्याएवढं भोक. असला माणूस दुसऱ्याच्या घरातली धूळ शोधायला निघाला की मी आधी माझी पिशवी कुठे आहे ते बघते. मला म्हणाला, माताजी, आप बैठिये, मैं दिखाता हूँ. मी याची माताजी कधी झाले कोण जाणे. त्याने मशीनचं नळकांडं आपल्या गादीला लावलं, तोंडाला पांढरं फडकं अडकवलं, घरघर केलं आणि फडकं काढून वत्सलाच्या नाकासमोर धरलं. काळंकुट्ट. तुझी बायको घाबरली. मी त्याला म्हटलं, बाबा, ही गादी हाय. गादीतला मळ तू आमाला हवेतला म्हणून दाखवतोस काय? ती मी उन्हात घालीन न दांडक्याने झोडीन, त्याला तुझं मशीन कशाला? त्याला मराठी चांगलं कळत होतं. हसला, आणि खिशातून अगरबत्ती काढली. काचेच्या पेटीत ती लावली, पेटीत धूर भरला, मशीन चालू केलं, धूर गेला. म्हटलं, वा, धूर पण तुझा, पेटी पण तुझी, न घालवणारा पण तूच. आमचं यात काय हाय ते दाखव.

तेव्हा मात्र तो माणसासारखा बोलायला लागला. त्याने पिशवीतून जाळ्या काढल्या. एक पांढरी, कापसाच्या घडीसारखी, ती धुळीची. दुसरी काळी, आत कोळशाचे दाणे भरलेले, ती वासाची आणि वायूची. म्हणाला, धुळीची जाळी वायूला अडवत नाही, तो आरपार जातो. मशीन एकच, पण आत जाळी कुठली घालायची ते तुमच्या हवेत काय आहे त्यावर. हे मला पटलं. जन्म जाळ्यांत गेला माझा, मला नाही पटणार तर कुणाला पटेल. पापलेटच्या जाळ्याने नखाएवढा जवळा धरायला गेलं तर जवळा भोकांतून निघून जातो आणि होडी रिकामी येते, जाळं कितीही नवं कोरं असो. मग त्याने विचारलं, तुमच्या हवेत काय आहे? धूल है, धुआँ है, गैस है? पास में कौनसी फैक्टरी है? एवढा साधा प्रश्न, आणि आम्ही दोघी सासू-सुना एकमेकींकडे बघत बसलो. बोईसरला राहतो, नाकाने श्वास घेतो, आणि आत काय जातं ते सांगता येत नाही.

शेवटी वत्सला बोलली. काय बोलली ते ऐक. म्हणाली, घरात मच्छीचा वास लय हाय, आमाला वासाची काळी जाळीच द्या. माझ्यासमोर. गॅलरीतल्या माझ्या बोंबलांकडे हात करून. शिरगावची बाई ती, तिच्या बापाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची एवढा जवळा वाळत असायचा, लग्नात तिच्या शालूला सुद्धा वास होता आणि मी एक शब्द बोलले नव्हते. आणि आता तिला मच्छीचा वास लागतो. मी तिथल्या तिथे समजले की हे मशीन पोरीच्या खोकल्यासाठी नाही, ते माझ्यासाठी आहे. म्हातारीला जा म्हणता येत नाही, म्हणून म्हातारीचा वास खेचून काढायचा. मी मशीनवाल्याला म्हटलं, आमाला काळी-बिळी नको, तू ये आता. तो पुन्हा येतो म्हणून गेला. वत्सलाशी मी आठवडाभर बोलले नाही. ती पण बोलली नाही. मधे भाविका निरोप ने-आण करायची, आजी म्हणते भात झाला, आई म्हणते झाकून ठेव.

बोंबलांचं पण तुला सांगायला हवं, कारण तू मला बजावून गेला होतास की गॅलरीत काही सुकवू नकोस. मी सुकवले. तू गुजरातला नव्या कारखान्यावर गेलास, मी पोरीला सांभाळायला इथे आले, आणि दिवाळी झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. नवापूरहून ओले बोंबील मागवले, जबड्यात जबडा अडकवून जोड्या केल्या आणि गॅलरीत दोऱ्या बांधून टांगले. आणि काय सांगू, एक माशी नाही. नवापूरला आपण बायका बोंबील टांगायच्या वलांडीखाली बसून माशा हाकतो, हात मोडून येतात. इथे दिवसभर टांगलेले, एक माशी फिरकली नाही. मी म्हटलं, काय जागा आहे, बोंबील सुकवायला असा सोन्यासारखा वारा आपल्या गावाला नाही. नवापूरला शेजारच्या बायडीला मी तसा निरोपसुद्धा धाडला. माशी न येणारी जागा म्हणजे चोख जागा, हेच आपल्याला ठाऊक. माशी का येत नाही असं विचारायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग तुझा तो फोन. दामू वर येऊन म्हणाला, काकी, एकनाथचा फोन हाय, चला. आम्ही दोघी खाली गेलो. दामू खुर्चीत पेपर घेऊन बसला होता, आणि आम्ही बोलत होतो तेवढ्या वेळात त्याने एक पान उलटलं नाही. तुमच्या कंपनीत तो सुपरवायझर झाल्यापासून पेपर फार सावकाश वाचतो. मी तुला म्हटलं, जाळी कुठली घ्यायची ते तू सांग, तू कारखान्यातला. माझं बोलणं संपायच्या आत तू म्हणालास, धुळीची घे आये, बोईसरला ट्रकांची धूळच हाय, दुसरं काय. एवढं पटकन तू जन्मात काही ठरवलेलं नाहीस. चप्पल घ्यायला पालघरच्या बाजारात गेलास तर सगळ्या दुकानांतल्या चपला घालून बघायचास आणि तसाच अनवाणी परत यायचास. वत्सलाला बघून आलास तर होळी उलटली तरी हो म्हणेनास, तिचा बाप माझ्याकडे विचारायला आला होता. आणि हवेची जाळी मात्र तू एका दमात ठरवलीस. शिवाय तुझ्या मागे कुणीतरी खुर्ची सरकवली, ती मला इकडे ऐकू आली. तुझ्या तिकडे कोण बसलं होतं ते मी विचारत नाही. माझ्या इकडे दामू बसला होता ते मी तुला सांगते.

तरी तेव्हा मला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. तू धुळीची म्हणालास म्हणजे वासाची नाही, म्हणजे माझे बोंबील सुटले. जिना चढताना मी वत्सलाला ऐकू जाईल असं म्हटलं, बघ, माझ्या पोराला माझा वास येत नाय. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बघणं तेव्हा मला उद्धट वाटलं होतं.

नाताळच्या सुट्टीत मी भाविकाला नवापूरला नेलं. वत्सलाला म्हटलं, आता बघूच मच्छीच्या वासाने खोकते का. आपलं घर बंद, म्हणून बायडीच्या घरात आम्ही राहिलो. तुला ते घर माहीत आहे, एका कोपऱ्यात सुक्या बोंबलांचा ढीग, दुसऱ्यात जवळ्याची पोती, मधे चूल, आणि चुलीचा धूर कौलातून जाईल तेवढा जाणार. पोरगी त्या ढिगाशेजारी झोपली. खोकली नाही. किनाऱ्यावर पोरांबरोबर धावली, वाळूत लोळली, जवळा पाखडताना नाकातोंडात गेला तर शिंकली आणि हसली. छातीतली ती शिट्टी कुठे गेली कळलं नाही. बायडी म्हणाली, हिला काय झालंय, ही तर धडधाकट हाय, तुमी बोईसरवाले उगाच औषधं पाजता. मी फुशारकीने परत आले. धूळ पण नाही, मच्छी पण नाही, मग काहीच नाही, मशीनच नको, असं वत्सलाला सुनवायचं ठरवून आले होते.

आणि आल्यावर मी काय केलं? जे रोज करत होते तेच. दिवेलागणीला दिवा लावला, दार उघडं टाकलं, खिडक्या सताड उघडल्या, आणि भाविकाला हात जोडून खिडकीशी बसवलं. दिवेलागणीला दार लोटलेलं आपल्या घरात कधी चाललं नाही. लक्ष्मीची वेळ. तू लहान असताना पाय लागून दार मिटलं तरी मी पाठीत धपाटा घातला आहे. मागच्या वर्षी मी इथे राहायला आले होते तेव्हा तू घरी असलास की नेमकं त्याच वेळी सगळं लावून घ्यायचास. आठवतं? मी चिडले तर म्हणालास, मच्छर येतात आये. मी मनात म्हटलं, बायकोने शिकवलं असणार. आणि दाराखालच्या फटीत तू ओलं फडकं कोंबायचास, तेही मी बघितलं होतं. फटीतून ओल्या फडक्याने कुठला मच्छर अडतो, एवढा विचार मला तेव्हा करायला हवा होता. पण सुनेवर संशय घ्यायचा म्हटला की सासूला दुसरं काही सुचत नाही.

गेल्या शुक्रवारी दिवेलागणीला मी दिवा लावत होते. दर्यावरचा वारा सुटला होता, कारखान्यांवरून घराकडे येतो तो. मला गोडसर वास आला, बुटाच्या पॉलिशसारखा. मला वाटलं दिव्याचं तेल भेसळीचं आहे, मी वात खाली करून वास घेत बसले. तेवढ्यात घशात कुणी बोट घातल्यासारखं झालं आणि मागे पोरीचा आवाज आला, म्हणजे आवाज नाही, श्वासाची ओढ. तिच्या बरगड्या आत जात होत्या. ओठ जांभळट. मी पाठ चोळते आहे, पाणी पाजते आहे, आणि ती माझा हात ढकलून खिडकीकडे बोट दाखवते आहे. दोन श्वासांच्या मधे म्हणाली, आजी, खिडकी लाव, बाबा लावतात. वत्सला तेवढ्यात कामावरून आली, तिने काही न विचारता आधी खिडक्या लावल्या आणि मग पोरीला उचललं. आधी खिडक्या. मी ते बघितलं.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. नाकातोंडावर नळीचं भांडं लावलं, सकाळपर्यंत ठेवून घेतलं. डॉक्टर मला विचारतो, घरात काय फवारलं होतं? काय हुंगलं पोरीने? म्हटलं, काय नाय, दिवा लावला होता. तो म्हणाला, आजी, दिव्याने असं होत नाय, काय होतं ते कळलं तर मला बरं पडेल. वत्सला तिथेच उभी होती. जमिनीकडे बघत होती.

सकाळी घरी आलो. पोरगी माझ्या मांडीवर होती, शांत, दमलेली. मी तिला विचारलं, बाबा खिडकी कधी लावायचे गं? म्हणाली, वास यायच्या आधी. मी म्हटलं, वास आल्यावर ना? म्हणाली, नाय आजी, आधीच. मग वास यायचा, पण घरात कमी यायचा. एकनाथ, वास आल्यावर कुणीही खिडकी लावेल, कुत्रंसुद्धा उठून बाजूला जातं. वास यायच्या आधी खिडकी कोण लावतो? ज्याला कळलेलं असतं तो.

मी वत्सलाकडे गेले. म्हटलं, आता मला खरं सांग. तिने रडंबिडं काही केलं नाही, कुकरला शिटी लावत लावत सांगितलं. म्हणाली, हे म्हणायचे, वायू धुवायची टाकी हाय कंपनीत, पण माल जास्त काढायचा असला की ती बंद ठेवतात, न अंधार पडायच्या सुमाराला तसाच सोडून देतात, रंग दिसू नये म्हणून. कुठला वायू ते मला सांगितलं नाय. म्हणाले, तुला कळलं तर तुझ्या तोंडातून जाईल. मी म्हटलं, मग तू मच्छीचा वास का म्हणालीस? तर म्हणाली, मग काय म्हणू आई? खाली दामूभाऊ. दार उघडं. कंपनीचा वायू हाय म्हणून काळी जाळी द्या, असं म्हणू? तुमचे बोंबील समोर होते, त्यांचं नाव घेतलं. बोंबलांना कुणी नोकरीवरून काढत नाय.

तिने माझ्या बोंबलांच्या आड उभं राहून पोरीसाठी जाळी मागितली होती, आणि मी नाक मुरडून मशीनवाल्याला हाकललं. आठवडाभर त्या बाईने माझा अबोला सोसला आणि एक अक्षर सांगितलं नाही. शिरगावच्या पोरींत दम असतो, हे मी पहिल्यांदा आणि शेवटचं लिहिते आहे, तिला सांगू नकोस. बोंबील मी त्याच दिवशी काढले. खाली टाकले तर कचऱ्यापाशी असते ती मांजर आली, हुंगली आणि शेपूट वर करून निघून गेली. त्यातले आम्ही खाल्ले पण होते. असो.

आता रोजचं ऐक. दामू परवा जिन्यात भेटला, म्हणाला, काकी, पोरीला थंडी बाधली असणार, ह्या दिवसांत सगळेच खोकतात, एकनाथला कळवून उगाच त्याच्या जिवाला घोर लावू नका, तिकडे त्याचं चांगलं चाललंय. मी म्हटलं, होय बाबा, थंडीच ती. पण दिवेलागणीला मी गॅलरीत उभी राहते आणि खाली दामूच्या घराकडे बघते. एखाद्या दिवशी त्याची खिडकी उघडी असते. एखाद्या दिवशी धाडकन लागते. ती लागली की मी आपली लावते, फटीत ओलं फडकं कोंबते, आणि बसते. थोड्या वेळाने तो पॉलिशचा वास येतोच. अजून एकदाही दामू चुकलेला नाही. लक्ष्मीला मी सांगितलं आहे, बाई, सकाळी ये. पण खिडक्या लावून भागत नाही. सिमेंटच्या घरालाही फटी असतात, आणि वास कमी म्हणजे वास नाही असं नव्हे. शनिवारपासून पोरगी भिंतीला टेकून बसते, आडवी झाली की छाती वाजते. शाळेत पाठवत नाही. आत्तासुद्धा पलीकडे उश्या लावून बसल्या बसल्या झोपली आहे.

मी सोमवारी स्वतः मशीनवाल्याला बोलावून घेतलं. मी बोलावलं म्हणून त्याला एवढा आनंद झाला की नवे मोजे घालून आला. म्हटलं, दे ती काळी जाळी. तर तो डोकं खाजवतो. म्हणाला, माताजी, वास हो तो ये चलेगी, लेकिन फैक्टरी की गैस हो तो कोयला भी दो तरह का होता है. एक साधा, एकाला औषध लावलेलं. कुठला वायू साध्याला चिकटतो, कुठला औषधाच्याला. मी म्हटलं, दोन्ही घाल. म्हणाला, आत जागा एकाच जाळीची आहे. मग म्हटलं, तूच ठरव. तर तो माणूस, ज्याला मी चोर समजत होते, त्याने मशीन पुढे सरकवायचं सोडून मागे घेतलं. म्हणाला, गलत लगाऊंगा तो मशीन चलेगी, बत्ती जलेगी, आवाज भी करेगी, आप समझेंगी काम हो रहा है, और बच्ची वैसी ही खाँसेगी. जिसको मालूम है उससे पूछिये. विकायला आलेला माणूस न विकता गेला, आणि ज्याची पोर आहे तो ट्रकांची धूळ सांगतो. आता मी संशय कुणावर घ्यायचा, तूच सांग.

तुला नोकरीची भीती आहे, ते मला कळतं. वत्सलानेही मला बजावलं आहे, त्यांना लिहू नका, बढती जाईल, घर कंपनीचं आहे. बढतीचं मला कौतुक होतं. नवापूरभर सांगून आले होते, माझ्या पोराला साहेबांनी नवा कारखाना उभा करायला पाठवलं. आता वाटतं, हुशार माणसाला लांब पाठवतात तसं जास्त ठाऊक असलेल्यालाही पाठवत असतील. ज्या वेळी तू खिडकी लावायचास त्या वेळी घरात कोण लावणार, हा विचार साहेबाने करायचा नसतो. तू करायचा होतास. निदान मला एवढं सांगून जायचं होतंस की आये, दिवेलागणीला खिडकी लाव, कारण विचारू नको. मी तुला शिव्या दिल्या असत्या आणि लावली असती. तुला वाटलं, बोललं तर नोकरी जाईल आणि न बोलता काही होणार नाही. न बोलता झालं ते वर लिहिलं आहे.

आता हे पत्र कशासाठी ते. मशीन घेऊ की नको हे विचारायला मी लिहिलेलं नाही. रविवारी तू बोईसरला ये. साहेबाला सांग, आई सिरियस आहे. मी पडून राहीन, दामू बघायला आला तर कण्हेनसुद्धा. मशीनवाल्याला मी सांगितलं आहे, तो तिन्ही जाळ्या घेऊन येणार, पांढरी, साधी काळी आणि औषधाची काळी. तो त्या चटईवर मांडेल. कंपनीचं नाव घेऊ नकोस, वायूचं नाव घेऊ नकोस, डॉक्टरला काय सांगायचं ते आपण नंतर तिघं बघू. तोंडातून शब्द काढू नकोस, म्हणजे तुला कुणी विचारलं तर मी काही बोललो नाही असं खुशाल शपथेवर सांगता येईल. नुसता एका जाळीवर हात ठेव. तू आला नाहीस तर सोमवारी पहिल्या गाडीने मी तिला नवापूरला नेते, तिकडच्या शाळेत नाव घालते, आणि वत्सला माझ्याबरोबर येणार आहे, तिने कपडे बांधले आहेत. आणि आलास, आणि तरीही ट्रकांच्या धुळीचीच जाळी उचलायची असेल, तर तीही उचल. मी अडवणार नाही. फक्त भाविकाला मी तुझ्या मांडीवर बसवीन, तिची छाती तुझ्या हाताला लागेल अशी, आणि मग तू दुसरा हात पुढे कर.

तुझीच, रविवारपर्यंत तरी,
आई